पावसाळी मुलखातील लाकडी जमीन

मुंबईच्या उंच इमारतींतील सदनिका, अलिबाग-मुरुडच्या बाजूची शेतघरे आणि गोव्यात दुसरे घर म्हणून घेतलेले बंगले या तिन्ही ठिकाणी अलीकडच्या काळात लाकडी फ्लोअरिंगची हौस वाढत गेली आहे, आणि ही तिन्ही ठिकाणे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भिंतीवरचे कॅलेंडरही मऊ पडावे इतक्या दमट पट्ट्यात मोडतात. घर सजवताना मालक जो प्रश्न विचारतो तो बहुधा लाकडाच्या जातीचा असतो: साग घ्यावा की ओक, देशी घ्यावे की आयात केलेले. तो प्रश्न निरर्थक नाही, पण तो दुय्यम आहे. दमट प्रदेशात लाकडी जमीन टिकते की बिघडते हे मुख्यतः फळीच्या खालच्या अंगाला काय आहे, तिथे शिरलेला ओलावा कोणत्या वाटेने बाहेर पडणार आहे आणि खोलीतील हवा वर्षभरात किती टोकांना जाते यावर ठरते. आणि या तिन्ही गोष्टींची जाण कोकणातल्या व घाटावरच्या जुन्या बांधकामात जितकी स्पष्ट दिसते तितकी आजच्या सदनिकांत दिसत नाही.

लाकूड झाडापासून तुटले तरी त्याचा पाण्याशी असलेला व्यवहार संपत नाही. ताज्या कापलेल्या ओंडक्यात पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळ्यांत मोकळे साठलेले आणि पेशींच्या भिंतींत तंतूंना बिलगून राहिलेले. वाळताना मोकळे पाणी आधी जाते, आणि ते जात असताना लाकूड हलके होते पण आकसत नाही. लाकडाच्या पूर्ण कोरड्या वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के इतके पाणी उरते तेव्हा पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंती मात्र पुरत्या भिजलेल्या असतात. या अवस्थेला तंतुसंपृक्तता असे नाव आहे, आणि तिच्याखाली उतरणाऱ्या प्रत्येक टक्क्याबरोबर लाकूड आकसत जाते, तर परत चढणाऱ्या प्रत्येक टक्क्याबरोबर फुगत जाते. हे चढणे-उतरणे हवेतील सापेक्ष आर्द्रतेवर अवलंबून असते, म्हणजे त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते तिच्या किती टक्के वाफ तिच्यात प्रत्यक्ष आहे यावर. हवेची आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते, ६५ टक्के असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास, ८० टक्क्यांना १६ च्या जवळ आणि ९० टक्क्यांना २० पर्यंत पोचते. या स्थिरावण्याच्या बिंदूला समतोल आर्द्रता म्हणतात. वर लावलेले पॉलिश, मग ते लाखेचे असो, मेलामाइनचे असो वा पॉलियुरेथेनचे, या देवघेवीचा वेग कमी करते, ती थांबवत नाही.

फुगणे आणि आकसणे हे सर्व दिशांना सारखे होत नाही, आणि लाकडी जमिनीचे बहुतेक दुखणे या असमानतेतून येते. फळीच्या लांबीत पडणारा फरक इतका अल्प असतो की व्यवहारात तो धरला जात नाही. रुंदीतला फरक मात्र ठळक असतो, आणि ओंडका कसा चिरला आहे यावर तो बदलतो. वार्षिक वलयांना जवळजवळ समांतर चिरलेली फळी, जिच्या तोंडावर डोंगररांगांसारखी नक्षी उमटते आणि म्हणून जिला गिऱ्हाईक अधिक असते, ती वलयांना काटकोनात चिरलेल्या, सरळ रेघांच्या फळीपेक्षा साधारण दुप्पट हलते. सागाची प्रतिष्ठा इथे नुसत्या परंपरेवर उभी नाही. नक्षीची फळी घेतली तर दर एक टक्का ओलाव्यामागे सागाची रुंदी सुमारे ०.१९ टक्क्याने बदलते, तर पांढऱ्या ओकची सुमारे ०.३७ टक्क्याने, म्हणजे जवळजवळ दुपटीने. तीन मीटर रुंदीच्या खोलीत अशा अखंड लाकडाच्या फळ्या घट्ट बसवल्या आणि त्यांचा ओलावा ८ वरून १४ टक्क्यांवर गेला, तर हिशेबाने ओकची जमीन साडेसहा सेंटिमीटर आणि सागाची सव्वातीन सेंटिमीटरच्या वर वाढू पाहते. प्रत्यक्षात खिळे, गोंद आणि फळ्यांचा एकमेकींवरचा दाब यांमुळे एवढी वाढ दिसत नाही, पण अडवलेली वाढ नाहीशी होत नाही. ती फळीच्या तंतूंना चेपते, सांधे उचलते किंवा भिंतीला रेटा देते.

८ आणि १४ हे आकडे उगाच घेतलेले नाहीत. युरोपात तयार होणाऱ्या फ्लोअरिंगचा ओलावा तिथल्या हिवाळ्यात तापवलेल्या घरांना अनुसरून ठेवलेला असतो. अनेक थरांच्या फळ्यांसाठी तिथल्या मानकात ५ ते ९ टक्क्यांची आणि अखंड लाकडासाठी ७ ते ११ टक्क्यांची मर्यादा आहे. असा माल कंटेनरमधून उतरून मुंबईच्या जुलैतल्या खोलीत उघडला जातो तेव्हा तो अक्षरशः तहानलेला असतो. भारतीय मानक संस्थेने इमारती लाकडाच्या ओलाव्यासाठी देशाचे वार्षिक सरासरी आर्द्रतेनुसार चार विभाग पाडले आहेत, आणि त्यामागचा विचार सरळ आहे: लाकूड जिथे राहणार तिथल्या हवेइतके ते आधीच वाळवलेले असावे, त्याहून ओलेही नको आणि त्याहून कोरडेही नको. भट्टीत वाळवलेले लाकूड म्हणजे उत्तम लाकूड, असा जो समज वखारीपासून दिवाणखान्यापर्यंत पसरला आहे तो म्हणूनच अर्धा खरा आहे. किती वाळवले हे कळल्याशिवाय नुसत्या वाळवण्याला अर्थ नाही.

किनारपट्टीच्या हवेविषयीही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. लाकडाला दमटपणाने जितका त्रास होतो त्याहून जास्त त्रास चढउतारामुळे होतो. कोकणात वातानुकूलन नसलेल्या, माणसे राहत असलेल्या घरात लाकडाचा ओलावा हिवाळ्यात ११-१२ टक्क्यांच्या घरात असतो आणि भर पावसाळ्यात १७-१८ पर्यंत जातो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्याच्या दुपारी हवेची आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली उतरते आणि ऑगस्टमध्ये ती ८० च्या वर जाते, त्यामुळे तिथला झोका कोकणापेक्षा मोठा असतो आणि दारे-खिडक्यांच्या चौकटी वैशाखात सैल व श्रावणात घट्ट होण्याचा अनुभव विदर्भात अधिक तीव्र येतो. न्यू जर्सीसारख्या प्रांतात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हाच खेळ उलट्या ऋतूत दिसतो, कारण तिथे हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडून फळ्यांमध्ये फटी पडतात आणि दमट उन्हाळ्यात त्या आपोआप मिटतात. मुंबईतल्या सदनिकेत मात्र हे दोन्ही ऋतू एकाच दिवसात आणि एकाच छताखाली नांदू शकतात: निजायच्या खोलीत रात्रभर वातानुकूलन यंत्र चालून आर्द्रता ५०-५५ टक्क्यांवर आलेली असते आणि उंबऱ्यापलीकडच्या दिवाणखान्यात ती ८५ असते. दोन्हीकडे न तोडता सलग टाकलेली लाकडी जमीन दाराच्या रेषेवर प्रथम कुरकुरू लागते, यात नवल नाही.

जुन्या बांधकामाने हा प्रश्न मुळातच वेगळ्या जागी ठेवला होता. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या घरात तळमजल्याची जमीन शेणाने सारवलेली असे, पुढे ऐपतीप्रमाणे तिथे कोबा, शहाबादी फरशी किंवा नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आल्या. लाकूड मात्र जमिनीला टेकत नसे. ते माथ्यावर असे, माळ्याच्या किंवा माडीच्या रूपात. तुळया आणि त्यांवरच्या कड्या ऐन, किंजळ किंवा फणसाच्या, आणि हात सैल असेल तिथे सागाच्या; त्यांवर फळ्या. या फळ्यांच्या दोन्ही अंगांना हवा मिळे, कारण वर कौलांच्या सांध्यांतून वारा खेळे आणि खाली चुलीची धग असे. चुलीच्या धुराने काळ्या पडलेल्या तुळया आज नव्या मालकांना खरवडून पॉलिश कराव्याशा वाटतात, पण त्या धुराने आणि धगेने लाकूड कोरडे ठेवले आणि किडीला दूर ठेवले, हे विसरून चालत नाही. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतींना माडाच्या झावळ्यांचे झाप बांधणे, पडवी खोल ठेवणे, जोते उंच घेणे या सगळ्या गोष्टी सुट्यासुट्या वाटतात. त्या सर्वांचा मिळून अर्थ एकच होतो की लाकडापर्यंत पाणी येऊ द्यायचे नाही आणि आलेच तर त्याला निघून जायला वाट ठेवायची.

घाटावरच्या वाड्यांत कडीपाट ही रचना दिसते: तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडी पाट आणि त्यावर माती किंवा चुन्याचा जाड थर. इथे पायाखाली लाकूड लागत नाही, ते छताच्या अंगाने दिसते, आणि वरच्या थराला मुरायला व सुकायला जागा असते. गिरगाव-काळबादेवीकडच्या जुन्या चाळींत लाकडी खांब, लाकडी कड्या आणि फळ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या, आणि त्या इमारतींची आजची अवस्था या विषयाचा उघडा धडा आहे. व्हरांड्यात व खोल्यांच्या मध्यभागी, जिथे वरखाली हवा आहे, तिथल्या कड्या अनेकदा पुष्कळ वर्षांनंतरही ठणठणीत निघतात. कुजलेली टोके सापडतात ती मोरीच्या खाली, सामाईक संडासांच्या कोपऱ्यात आणि पावसाचा मारा असलेल्या भिंतीत जिथे कडीचे डोके विटांत गाडलेले असते. एकाच झाडाच्या एकाच कडीचे एक टोक शाबूत आणि दुसरे हाताने कुस्करता येईल असे, हे दृश्य दुरुस्तीच्या कामांत नवे नाही. लाकडाच्या जातीने इथे निकाल लावलेला नाही, जागेने लावला आहे.

सागाच्या बाबतीत जहाजांचा दाखला वारंवार दिला जातो. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये सागात बांधलेली एचएमएस ट्रिंकोमली ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे, आणि तिचे आयुष्य सागाच्या टिकाऊपणाची साक्ष देते यात शंका नाही. तरीही विक्रेत्याने हा दाखला घरातल्या जमिनीसाठी दिला तर तो सावधपणे घ्यावा. जहाजाचा पाण्याखालचा भाग कायम ओला असतो, म्हणून तो हलत नाही. डेकच्या फळ्यांमधल्या फटी फुगण्या-आकसण्याला सामावून घेणाऱ्या लवचीक भरणीने बुजवलेल्या असतात. आणि ते लाकूड जुन्या जंगलातल्या जाडजूड झाडांच्या गाभ्याचे होते. आज वखारीत मिळणारा साग पुष्कळदा आफ्रिका किंवा लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीतून, कमी वयात तोडलेला असतो, आणि त्यात सुतार ज्याला पांढरा भाग म्हणतात त्या सालीलगतच्या कोवळ्या लाकडाचे प्रमाण अधिक असते. वाळवीला आणि बुरशीला साग दाद देत नाही हे गाभ्याविषयी खरे आहे. पांढऱ्या भागाविषयी नाही.

सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबने परिस्थिती पालटली. आता लाकूड जिच्यावर बसते ती पाठ स्वतःच ओलाव्याचे कोठार असते. नव्या काँक्रीटमध्ये मिसळलेल्या पाण्यापैकी सिमेंटच्या रासायनिक क्रियेला लागते त्याहून जास्तीचे पाणी हळूहळू बाहेर पडते, आणि कोरड्या हवेतही दर २५ मिलिमीटर जाडीला साधारण महिनाभर हा अंदाज धरला जातो. म्हणजे १२५ मिलिमीटरच्या स्लॅबला पाच महिने, आणि तेही पाऊस नसताना. त्यावर लाद्या बसवण्यासाठी वाळू-सिमेंटचा चार-पाच सेंटिमीटरचा थर येतो, तो पुन्हा ओलाच घातला जातो. न्हाणीघर व संडासाचा स्लॅब खाली घेऊन तिथे विटांच्या तुकड्यांचा कोबा भरण्याची पद्धत आहे. त्या कोब्यात मुरलेले पाणी नळ गळत नसतानाही शेजारच्या खोलीच्या वाळूच्या थरात सरकते, आणि म्हणूनच न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीपासूनच्या पहिल्या दोन-तीन फळ्या बहुधा सर्वांत आधी काळवंडतात. तळमजल्यावर याच्या जोडीला जमिनीतून केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप वर चढणारे पाणी असते; जोत्यात ओलरोधक थर नसेल किंवा तो जुना होऊन फुटला असेल तर फरशीवर दिसत नसलेली ही ओल फळीच्या पाठीला बिनबोभाट पोचते.

आणखी एक कारण असे आहे जे नकाशात दिसत नाही. मुंबईत जुलैमध्ये हवा २७-२८ अंशांवर असते आणि आर्द्रता ८५ ते ९० टक्के, त्या वेळी सुमारे २५ अंशांपर्यंत थंड झालेल्या कोणत्याही पृष्ठावर दव धरते. खालच्या मजल्यावर कार्यालय किंवा दुकान असेल आणि तिथे दिवसभर यंत्राने २२ अंशांची थंडी ठेवलेली असेल, तर मधला स्लॅब त्या मर्यादेखाली जाऊ शकतो. मग वरच्या घरातल्या फळीच्या पाठीशी, कोणतीही गळती नसताना, दव साचते. अशा तक्रारीत प्लंबर बोलावला जातो, नळ तपासले जातात, दोष सापडत नाही, आणि शेवटी ठपका लाकडावर येतो.

बाजारात "वुडन फ्लोअरिंग" या एकाच पाटीखाली निदान चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. अखंड लाकडाच्या फळीबद्दल वर आले आहे. एंजिनिअर्ड फळीत खऱ्या लाकडाचा दोन ते सहा मिलिमीटरचा पापुद्रा प्लायवूडसारख्या आडव्या-उभ्या थरांवर चिकटवलेला असतो, आणि एकाआड एक थरांचे तंतू काटकोनात असल्यामुळे ते एकमेकांना आवरतात. तिचे रुंदीतले हलणे अखंड फळीपेक्षा अनेक पटींनी कमी असते, आणि किनारपट्टीच्या सदनिकेत खरे लाकूडच हवे असेल तर हाच पर्याय शहाणपणाचा. मात्र मधला प्लाय उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचा आहे की साध्या, हे विचारल्याशिवाय त्या शहाणपणाला किंमत नाही. लॅमिनेटमध्ये लाकडाची नक्षी छापलेला कागद दाबलेल्या लाकडी भुशाच्या घट्ट फळीवर बसवलेला असतो. त्याच्या सांध्यात पाणी शिरले की कडा फुगतात आणि वाळल्यावरही त्या पूर्ववत बसत नाहीत. चौथी वस्तू चुनखडीची भुकटी आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची, एसपीसी या नावाने मिळणारी फळी. ती पाण्याने फुगत नाही, आणि तिच्यात लाकूडही नसते. या दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला एकाच वेळी सांगितल्या जात नाहीत, ही खरी अडचण.

काम सुरू करण्यापूर्वी ओलावा मोजणे हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. लाकडासाठी दोन सुया असलेले छोटे यंत्र मिळते. सुया फळीत टोचल्या की त्यांच्यामधल्या विद्युतरोधावरून ओलाव्याची टक्केवारी दिसते, कारण ओल्या लाकडातून वीज सहज वाहते आणि कोरड्यातून नाही. काँक्रीटसाठी जुनी, घरगुती म्हणावी अशी चाचणी म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर चौरस पॉलिथिनचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला घट्ट बसवून निदान १६ तास ठेवायचा. आतून थेंब धरले किंवा जमीन काळपट झाली तर पाणी अजून बाहेर पडते आहे. ही चाचणी धोका आहे एवढेच सांगू शकते; काही दिसले नाही म्हणून धोका नाही असे ती सांगत नाही, कारण ओल खोलवर असू शकते. अधिक भरवशाच्या पद्धतीत स्लॅबच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडून त्यात नळी बसवतात, ती बंद करून २४ तासांनी आतल्या पोकळीची आर्द्रता मोजतात, आणि तो आकडा उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहतात. कोकणपट्टीत यातून एक गमतीदार पेच उभा राहतो. बाहेरची हवाच ८५ टक्के आर्द्र असताना उघडा स्लॅब त्याखाली उतरू शकत नाही. भर पावसात काँक्रीट सुकण्याची वाट पाहणे म्हणजे भरती असताना किनारा कोरडा व्हायची वाट पाहणे.

फळी आणि तिच्याखालचा लाकडी तळ, मग तो प्लायचा असो वा रिपांचा, यांच्यातल्या ओलाव्याच्या फरकालाही मर्यादा आहे. अमेरिकेतील लाकडी फ्लोअरिंग व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेचे मार्गदर्शन असे आहे की ७५ मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्ट्यांसाठी हा फरक ४ टक्क्यांहून अधिक नसावा आणि त्याहून रुंद फळ्यांसाठी २ टक्क्यांहून अधिक नसावा. रुंद फळीची आवड असलेल्यांना हा आकडा पुरेसा बोलका आहे. याउलट, पेट्या खोलीत आठवडाभर ठेवल्या की लाकूड हवेला सरावते, हा सल्ला जसाच्या तसा घेण्यात धोका आहे: ज्या खोलीत अजून गिलावा ओला आहे, खिडक्यांना काचा नाहीत आणि पलीकडे रंगकाम चालू आहे, तिथे लाकूड सरावते ते त्या बांधकामाच्या हवेला, पुढे राहत्या घरात असणाऱ्या हवेला नव्हे; आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली बंद पेटी तर कशालाच सरावत नाही.

बसवण्याच्या रीती तीन. रिपांवर खिळे मारून बसवलेली जमीन ही जुन्या माडीची वारस आहे, आणि तिच्याखाली पोकळी उरत असल्यामुळे ती दमट हवेला सर्वांत अनुकूल ठरते. बॅडमिंटनच्या कोर्टांचे लाकडी तळ याच तत्त्वावर उभे असतात आणि त्यांच्या कडेने हवा खेळायला जाळ्या किंवा फटी ठेवलेल्या असतात. सदनिकेत मात्र ती पाच-सात सेंटिमीटर उंची खाते, दारे तासावी लागतात, म्हणून तिला नकार मिळतो. दुसऱ्या रीतीत फळी लवचीक गोंदाने थेट स्लॅबला चिकटवतात. तिसऱ्या रीतीत नर-मादी सांध्यात गुंतवलेल्या फळ्यांची सगळी जमीन खालच्या फोमवर नुसती ठेवलेली असते, कुठेही बांधलेली नसते. अशा जमिनीखाली १५० ते २०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद, सांध्यांवर निदान १५ सेंटिमीटर चढवून आणि कडेला भिंतीवर वळवून, अंथरणे अनिवार्य आहे. तो कागद खालून येणारी ओल अडवतो. पण वरून सांडलेले पाणी सांध्यातून आत गेले तर तोच त्याला बाहेर पडू देत नाही.

सर्व भिंती, खांब आणि चौकटी यांच्यापासून १० ते १२ मिलिमीटरची फट सोडणे हा नियम प्रत्येक कारागिराला पाठ असतो, आणि तो मोडला जातो तो कारागीर निघून गेल्यावर. फट वाईट दिसते म्हणून तिच्यात पुट्टी किंवा सिलिकोन भरले जाते. स्कर्टिंग भिंतीऐवजी फळीत ठोकले जाते. आणि न बांधलेल्या जमिनीवर छतापर्यंतची कपाटे उभी करून तिचे एक टोक कायमचे खिळवले जाते. मुंबईतल्या घरांत सामान ठेवायच्या जागेची ओढ अशी आहे की हा शेवटचा प्रकार जवळजवळ नियम झाला आहे. कपाटे आधी आणि जमीन नंतर, हा क्रम इंटिरिअरच्या वेळापत्रकात बसत नाही, पण योग्य तोच आहे.

बिघाड ओळखता आला तर कारणही बरेचसे कळते. फळीच्या दोन्ही कडा वर येऊन मधला भाग खोलगट झाला असेल तर पाठीचा ओलावा तोंडापेक्षा जास्त आहे, म्हणजे पाणी खालून येते आहे. मध्य फुगून कडा खाली गेल्या असतील तर एक तर वरून पाणी मुरले आहे, किंवा आधी खोलगट झालेली जमीन घाईने रंधून सपाट केली गेली आणि नंतर ती वाळली. हा दुसरा प्रकार दुरुस्तीतून जन्मलेला दोष आहे. खोलगट झालेली फळी ओलीचे मूळ बंद केल्यावर काही महिन्यांत बरीचशी आपोआप बसते, आणि ओलावा मोजण्याच्या यंत्राने आकडा स्थिर दाखवल्याशिवाय तिला रंधा लावू नये. जमीन तंबूसारखी उचलली गेली असेल तर फुगायला जागाच उरलेली नाही, आणि तिथे आधी स्कर्टिंग काढून कडा मोकळ्या करणे हे पहिले काम.

बुरशीला लाकूड खायला साधारण २० टक्क्यांवर ओलावा लागतो, त्यामुळे नीट कोरड्या ठेवलेल्या जमिनीला तिचे भय नसते. वाळवीचे गणित निराळे आहे. जमिनीतून येणारी वाळवी स्वतःची ओल मातीच्या नळ्यांतून बरोबर घेऊन चढते, आणि जांभ्याच्या मुलखात ती कुठल्या फटीतून येईल याचा नेम नसतो. बांधकामाच्या वेळी पायात आणि जोत्यात करायच्या वाळवीरोधक उपचाराची भारतीय मानकात तपशीलवार पद्धत दिलेली आहे. अनेकदा होते असे की वर सागाचा गाभा आणि खाली, कोणाला दिसत नाहीत म्हणून, उपचार न केलेल्या पाइनच्या रिपा. वाळवी सागाच्या वाटेला जात नाही, ती रिपा संपवते, आणि शाबूत साग एके दिवशी पायाखाली दबू लागतो. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवलेल्या रिपा घरातल्या कोरड्या जागी चांगले संरक्षण देतात, पण हे क्षार पाण्यात विरघळून निघून जात असल्यामुळे ओल असलेल्या तळमजल्यावर त्यांचा भरवसा धरता येत नाही.

राहत्या घरातील सवयींपुढे ही सारी तयारी कधी कधी फिकी पडते. मराठी घरात फरशी रोज पुसली जाते, आणि ती पुसली गेली असे वाटण्यासाठी ओली दिसावी लागते. लाकडी जमिनीला घट्ट पिळलेले, जवळजवळ कोरडे फडके पुरते. बादलीभर पाण्याने रोज पुसलेले लॅमिनेट सांध्यांवर फुगते. सरकत्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती धुळीने बुजली की वाऱ्याबरोबरचा पाऊस पट्टीतून आत ओसंडतो. जूनच्या आधी ती टोकदार तारेने मोकळी करणे हे पॉलिशच्या कोणत्याही खर्चापेक्षा अधिक उपयोगाचे काम आहे.

चार महिने कुलूपबंद राहणाऱ्या घराचा प्रश्न यांहून कठीण आहे. अलिबाग, सिंधुदुर्ग वा गोव्यातल्या अशा घरांत पावसाळ्यात खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि सुरक्षिततेसाठी मुख्य वीज बंद, म्हणजे ओलावा शोषणारे यंत्र चालण्याची सोय नाही. आतली हवा आठवडेच्या आठवडे ९० टक्क्यांवर थांबते आणि लाकूड बुरशीच्या मर्यादेला जाऊन टेकते. अशा घराच्या तळमजल्यावर लाकूड घालू नये, आणि हा सल्ला लाकडाची जात वा किंमत पाहून बदलत नाही. तिथे कोबा, कोटा किंवा भाजलेल्या मातीच्या लाद्या शोभतात आणि टिकतात. लाकडाची हौस माडीवर पुरवावी, जिथे खाली मोकळी खोली आणि वर हवा खेळणारे छप्पर आहे, आणि जिथे ती पूर्वीही पुरवली जात होती.

उरतो तो मुहूर्ताचा भाग. नव्या घरात दिवाळीला दिवे लागावेत या इच्छेने फ्लोअरिंगचे काम बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकले जाते, म्हणजे स्लॅब सर्वांत ओला आणि खोलीतली हवा सर्वांत दमट असताना. त्या दिवसांत घट्ट बसवलेल्या फळ्या जानेवारीत आकसतात आणि त्यांच्यामध्ये एक-दोन मिलिमीटरच्या फटी उघडतात. बोलावलेला सुतार त्या लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून भरतो, वरून पॉलिशचा हात मारतो, आणि मालकाचे समाधान होते. पुढच्या जुलैत फळ्या परत फुगतात तेव्हा मिटायला फट राहिलेली नसते, आणि भरलेला भुसा कडांवर पिचून बाहेर येऊ लागतो.